चंद्राची माती, अभ्यासापुरती

चंद्रावर कुणाची मालकी चालणार नाही, असा करार मोठमोठ्या देशांनी केला खरा, पण तो कुणी मोडत नाही ना, यावर जातीनं लक्ष ठेवणारा माणूस जगात एकच, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे, आबा. राहायला भिगवणला. आपलं यान चंद्रावर उतरलं तेव्हा हायवेवरच्या हॉटेलवाल्यानं "चंद्र आपला झाला" म्हणत पेढे वाटले. आबांनी पेढा घेतला आणि तो खाण्याआधी दुरुस्ती सुचवली, की आपण उतरलो, चंद्र आपला झालेला नाही. पुतण्याच्या लग्नात कुणीतरी चंद्रावरच्या प्लॉटचा कागद आहेर केला, तर पंगत बसायच्या आत माईक घेऊन त्यांनी तो आहेर बेकायदेशीर ठरवला. चंद्रावरून माती आणायचीच तर अभ्यासापुरती, घर भरायला नाही, हेही तिथंच सांगून टाकलं.

एकदा सांगवीला आमच्याकडं आले आणि उभा ऊस बघून गंभीर झाले. म्हणाले, "अंतराळवीर हितं पडला तर आधी पाणी द्यायचं. मोडल्याल्या उसाचं मागनं बोलायचं. भरपाई त्याचं सरकार देतंय." तेव्हापासून उसात खुडबुड झाली की बायको मला तांब्या घेऊन पाठवते. आजवर रानडुकरंच निघाली.

आबांचं स्वतःचं रान उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. जमीन सरकारची झाली, पण उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ती उघडी पडते आणि ज्याला जमेल तो तिथं पेरतो. यंदा त्यांच्या मुलानं ट्रॅक्टर नेला. बापजाद्यांचं रान दुसऱ्यानं का पेरावं, असं त्याचं म्हणणं. मीही सोबत होतो. चंद्राचा कायदा चंद्रापुरता, स्वतःचं रान दिसल्यावर म्हातारा विरघळणार, अशी माझी खात्री होती.

आबांना जुन्या विहिरीचा काठ सापडला. त्यावर हात ठेवून ते मुलाला म्हणाले, "बंद कर त्यो ट्रॅक्टर. व्हतं आपलं, आता न्हाय. पाय ठिवायचा, मालकी न्हाय सांगायची."

मुलगा रागानं ट्रॅक्टर वळवून निघून गेला. आबा चपला काढून गाळातून फिरले, गोठा कुठं होता ते मला दाखवलं. मग वाकून मूठभर माती त्यांनी रुमालात घेतली. मला राहवलं नाही. विचारलं, "आबा, हे कुठल्या कलमात बसतं?"

"अभ्यासापुरती चालती," ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

त्यांना रुमालाची गाठ जमेना. शेवटी ती मीच बांधून दिली.