आईंपासून लपवलेले मरण

त्या हिवाळ्यात देवाने आमच्या घराकडे पाठ फिरवली, असे मला वाटत होते. सत्तरचे दशक सरत आले होते. माझे पती पिंपळगावला शिक्षक होते. शाळेतून परतताना महामार्गावर अपघात झाला आणि ते गेले. नाशिक रोडच्या घरी सासूबाई आंधळ्या, हृदयविकाराने अंथरुणाला खिळलेल्या. हा धक्का त्यांना सोसणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. मग धाकट्या दिरांनी ठरवले, आईला कळू द्यायचे नाही. भेटायला येणाऱ्यांना, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही, फाटकातूनच परत पाठवले. नवऱ्याला मातीआड करून आले आणि मी आईंना चहा करून दिला. त्या घरात मला रडायची मुभा नव्हती.

आई रोज संध्याकाळी थोरल्याला हाक मारत. भावाभावांचा आवाज सारखाच. दीर माझ्या पतीचा स्वेटर चढवून खाटेशी वाकत. आई त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "परमेश्वर तुला उदंड आयुष्य देवो, बाळा." ते ऐकताना मला बायबलमधला, आंधळ्या बापापुढे, इसहाकापुढे, आशीर्वाद मिळवायला भावाची वस्त्रे घालून गेलेला याकोब आठवे. त्याच याकोबाला म्हातारपणी त्याच्या मुलांनी भावाचा रक्तात बुडवलेला झगा दाखवून, तो मेला असे भासवून फसवले, हेही आठवे. आमच्या खोट्यात लोभ नव्हता, माया होती. तरी ते खोटेच. "प्रभू, मला खरे बोलवत नाही आणि खोटे सोसवत नाही. तूच काय ते कर," एवढीच माझी प्रार्थना उरली होती.

एका दुपारी दारात अनोळखी माणूस आला. पिंपळगावचा टेम्पोवाला, मुसलमान. "मास्तरांचं घर हेच ना?" मी अडवण्याआधीच तो आईंच्या खाटेशी बसला.

"अम्मा, तुमच्या लेकाचं डोकं आखरीपर्यंत माझ्या मांडीवर होतं. पाणी पाजलं मी. एकटा नाय गेला तो. एवढंच सांगायला आलो."

दीर आतून धावत आले, पण उशीर झाला होता. आई त्या माणसाचे हात चाचपत म्हणाल्या, "ह्याच हातांनी पाजलंस?" आणि ते हात त्यांनी कपाळाला लावले. नंतर मला जवळ ओढले. "पोरी, एवढे दिवस एकटीच सोसलंस? आणि मला माझ्या लेकासाठी रडूही दिलं नाहीत." दिरांना एवढेच म्हणाल्या, "तू माझा धाकटा आहेस. उद्यापासून धाकटा म्हणूनच ये."

त्या दुपारी मी पहिल्यांदा रडले, त्यांच्या कुशीत.

आई उन्हाळ्यात गेल्या. त्या धक्क्याने गेल्या की आजाराने, मला सांगता येणार नाही. पण मधले दिवस आम्ही दोघींनी मिळून शोक केला. आम्ही मायेपोटी जे दार बंद केले होते, ते प्रभूने एका परक्याच्या हातून उघडले. काय कुणाला सोसेल, हे त्याच्यावर सोडायला मी तेव्हा शिकले.

त्या माणसाचे नाव विचारायचे राहूनच गेले. जेवणाआधी मी आजही त्याच्यासाठी प्रार्थना करते.