सासूबाई धाकटीकडेच येतात

भुताखेताचं मला सांगू नका, असं म्हणणारी मी. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची असलं काही माहेरी पाहिलं नाही, सासरी तर नाहीच नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. आणि लिहितेय ते घाबरले म्हणून नाही, माझा जळफळाट झाला म्हणून.

माझं माहेर उल्हासनगर, कॅम्प चार. शेजारीपाजारी सगळे सिंधी, त्यामुळे मला त्यांची जाड कोकी लाटता यायची, पालक-डाळीची साईभाजी करता यायची. सासर बदलापूर पूर्वेला, शिरगावच्याही पुढे. तेव्हा तिकडे बिल्डिंगी नव्हत्या, शेतं होती. मागच्या पडवीत चूल, आणि चुलीपुढे सासूबाई. मला ते गाव परदेशच वाटायचं. तांदळाची भाकरी थापायला शिकले, सुकट निवडायला शिकले... पण शेवळाची भाजी काही त्यांनी मला शिकवली नाही.

शेवळं म्हणजे जूनच्या सुमारास रानात उगवणारे कोंब. ठाकरणी टोपल्या घेऊन विकायला येतात. भाजी नीट जमली नाही तर घसा असा खाजतो की विचारू नका. म्हणून त्यात काकडं घालतात — रानातलीच हिरवी आंबट फळं. सासूबाईंची भाजी गावात नावाजलेली. पण करायची वेळ आली की मला म्हणायच्या, "जा गं, पाणी भरून घे." एकदा मी माझ्या मनानेच केली. घरभर सगळ्यांच्या घशाला खाज सुटली, आणि सासूबाई चार बायकांत म्हणाल्या, "कॅम्पातली आहे ना ती." ते माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. त्यांचं शेवटचं आजारपण मी काढलं, अंघोळ घातली, वेणी घातली. तरी शेवळं? नाही म्हणजे नाही. त्या गेल्या आणि त्यांची भाजीही गेली.

त्यानंतरची ही गोष्ट, साधारण दोन हजार सहा-सातची. धाकटे दीर मिलिंद दुबईला हॉटेलात होते. बरोबर काम करणाऱ्या फिलिपाईन्सच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं आणि तिला घेऊन कायमचे गावी आले. आयरीन तिचं नाव. सासूबाईंना तिने कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

मला वाटलं, ही आठवड्यात पळेल. कसली पळते... तीही खेड्यातलीच, भातशेतीतली. उकिडवी बसून मासे काय साफ करायची, चूल काय पेटवायची. गावातल्या बायका येता-जाता म्हणायच्या, "परदेशातली असून कशी भाकरी थापते बघ." मला कुणी कधी म्हटलं होतं का असं? मी वरवर हसायचे, आतून धुमसत असायचे.

जूनमध्ये एकदा मी माहेरी जाऊन दुपारी परतले, तर पडवीत आयरीन शेवळं चिरून बसलेली. आणि काकडं निखाऱ्यांवर भाजत होती. आमच्याकडे कुणी भाजत नाही, उकडतात. मी तिला थांबवलं नाही. म्हटलं, खाजू दे घसे, बरंच होईल.

कुणाचा घसा खाजला नाही. सासरे दुसऱ्या घासाला थांबले. म्हणाले, "ही मिलिंदच्या आईची भाजी." मग सगळी संपवली आणि बाहेर जाऊन बसले.

मी आयरीनला गाठलं. तेव्हा तिचं मराठी मोडकंतोडकं होतं.

"कुणी शिकवलं तुला?"

"आईने, ताई."

"तुझ्या?"

"नाही, इथली आई. दुपारी येते. असा बसते." आणि तिने उजवा पाय लांब पसरून, डावा दुमडून, बसून दाखवलं.

शेवटी शेवटी सासूबाईंचा उजवा गुडघा वाकत नव्हता. त्या अश्शाच बसायच्या. घरात त्यांचा एकच फोटो, तोही छातीपर्यंतचा, तरुणपणीचा. मिलिंद भावजींना विचारलं तर म्हणाले, "पायाला काय झालं होतं?" ते तेव्हा दुबईत होते, त्यांना माहीतच नव्हतं. आमचे हे म्हणाले, "अगं, त्यांच्याकडेही अळू खाजत असेल, खाज कशी मारायची ते तिला कळणारच. बाकी शेजारणीने सांगितलं असेल." शेजारणीला विचारलं. ती म्हणे, "काकडं भाजतं कोण बाई?"

खरं सांगू? मला राग आला. अंघोळी मी घातल्या, बोलणी मी खाल्ली, आणि मेल्यावर शिकवायला तुम्ही हिच्याकडे येता? मग मीही दुपारी चुलीपुढे बसायला लागले. पडवीत एकटी, दार लोटून. भूत दिसत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आलेली बाई कुणी ऐकली आहे का? मी रडले. चूल नुसती धुमसत राहिली.

दिवाळीपर्यंत आयरीन बरं बोलायला लागली होती. एकदा भांडी घासताना मी विचारलंच, "माझ्याबद्दल काही बोलतात का गं त्या?"

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "ताई, तुमचा पाय वाजला की त्या उठतात. म्हणतात, आली घरची मालकीण. आता माझं काय काम. आणि जातात."

मालकीण. जिवंतपणी एकदाही मला म्हणाल्या नव्हत्या.

आयरीन सांगते, त्या अजून येतात. कशा येतात, का येतात, मला माहीत नाही, आणि कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर ते त्यांनी स्वतःकडेच ठेवावं. मला एवढंच जाणून घ्यायचंय, ते मालकीण म्हणणं कौतुकाचं होतं की टोमणा. त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, तरी मला सांगता येत नाही. आणि त्यांनाच विचारावं म्हटलं, तर मी गेले की त्या उठतात.