दूध-तुपाच्या कपाटाची करकर

मैत्रिणींनो, आज जीव भांड्यात पडला, म्हणून लगेच लिहिते.

सकाळी दूध-तुपाच्या कपाटाचं दार वरच्या बिजागरीतून निखळलं. स्क्रूंची भोकं सैल झाली होती. सुतार बैलगाड्यांच्या कामात, आणि मांजर उंबऱ्यावर बसलेलं. मग मीच भोकांत तुरकाठीचे तुकडे ठोकले, दाराखाली पाट सरकवला आणि सुरीच्या टोकाने स्क्रू पिळले. बिजागरीला तेलाचं बोटही लावलं.

दार बसलं, पण त्याची करकर थांबली. ओट्यावर बसलेल्या सासूबाईंना त्या आवाजावरूनच कळायचं, कपाट उघडलं ते. सुनेने चोरून खायची सोय केली, असं त्यांना वाटलं तर?

राहवेना, म्हणून सासूबाईंनाच जाऊन सांगितलं, “आत्याबाई, दार आते वाजत नही. तेल पुसी टाकू का?”

त्या हसल्या. “शाळा शिकेल बहू सुतार व्हयनी का? ऱ्हाऊ दे तेल. मन्ही सासू त्याच आवाजवर कान ठेये. मी कधी पोटभर तूप खादं नही.”

जेवताना त्यांनी मलाच तूप आणायला पाठवलं आणि आधी माझ्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर वाढलं.

तुमच्या घरी अजून कोणतं दार वाजतं?