टीव्हीखालचा डबा

एप्रिलच्या एका सकाळी आमच्या हॉलमधला डबा वाजायला लागला.

डबा म्हणजे टीव्हीखालच्या खणातलं एक काळं यंत्र. त्यात दोन हार्ड डिस्क होत्या आणि त्यांच्यावर आमचा सगळा संसार साठवलेला होता: मुलीच्या बारशापासूनचे फोटो, लग्नाच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं चित्रण, सासूबाईंच्या आवाजातल्या आरत्या, घराचे कागद. घरातल्या कुठल्याही फोनवर, टीव्हीवर त्यातलं हवं ते उघडता यायचं. माझे मिस्टर अमरावतीच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. हा डबा त्यांनीच आणला, त्यांनीच मांडला, आणि त्याला हात लावायची सोय दुसऱ्या कोणाला नव्हती.

ते सोफ्यावर पेपर घेऊन बसले होते. डबा टूं टूं करत होता. मी म्हटलं, "अहो, बघा ना, काय झालंय त्याला."

त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गॅसवर काही ठेवलंस का?"

मला हसू आलं. मग त्यांचा चेहरा दिसला. ते घाबरले होते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव हिवाळ्यातच सांगितलं होतं. चष्मा हरवणं, एकच गोष्ट पुन्हा विचारणं, हे मी धरून चालले होते. पण स्वतःच्या हातानं उभं केलेलं यंत्र हा माणूस ओळखणार नाही, असं काही मनात आलं नव्हतं. मी प्लग उपटला. आवाज थांबला. ते पुन्हा पेपर वाचायला लागले.

मुलगी बंगळूरला असते. तिला व्हिडिओवर डबा सुरू करून दाखवला. लाल दिवा पाहून ती म्हणाली, "एक डिस्क गेलीय, आई. सगळं दोन्हीवर सारखंच असतं, म्हणून अजून काही गेलं नाहीये. दुसरी गेली की संपलं. आणि हा डबा फार जुना झालाय, याच्यात नवी डिस्क घालून उपयोग नाही. त्यापेक्षा सगळं ऑनलाइन टाकू या."

"ऑनलाइन नाही," मागून आवाज आला. मिस्टर दारात उभे होते. "आपलं सामान आपल्या घरात राहील. नवा डबा घ्या."

वर्गात बोलायचे तसा आवाज होता. मुलगी फोनवर रडायला लागली.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. आता दुकानांच्या पायऱ्या चढून डिस्कबद्दल विचारायला लागले. एकानं पेनड्राइव्हचा मोठा भाऊ म्हणावा असं काहीतरी हातात दिलं. दुसऱ्याला माझ्याशी बोलायला वेळच नव्हता. शेवटी अकोल्याहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. तो शेती करतो.

"अकोल्याले ये ना ताई. माह्या ओळखीचं दुकान आहे. भाऊजीलेही घेऊन ये, त्याइले बरं वाटीन."

अकोला हे मिस्टरांचं गाव. बडनेऱ्याहून गाडीत बसलो तसे ते खुलले. मूर्तिजापूर मागे पडल्यावर बाहेरची उन्हानं भाजलेली शेतं बघत गुणगुणायलाही लागले.

दुकानदारानं दोन यंत्रं काउंटरवर ठेवली. मिस्टरांनी त्यातलं एक उचललं, उलटं केलं, मागचा पंखा बोटानं फिरवून पाहिला.

"हा पंखा लहान आहे. आमच्याकडच्या उन्हात डिस्क शिजतील. ते दुसरं दाखवा. आणि दोन्ही डिस्क एकाच लॉटच्या देऊ नका, जायच्या तर एकदमच जातात."

दुकानदार त्यांना सर म्हणायला लागला. ते समजावत होते, तो मान डोलावत होता. मला वाटलं, चुकलंय कुठेतरी, डॉक्टरांचंच चुकलंय. भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "बरे तं आहेत भाऊजी. तू उगीच घाबरून राहिली."

दुकानदारानं खोकं बांधून दिलं. ते दोन्ही हातांनी छातीशी धरून मिस्टर उठले आणि म्हणाले, "बाबूजीले दाखवून आणतो. त्याइनं हो म्हटलं तं घेऊ."

सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. भाऊ रस्त्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "ते हो म्हणालेत. चला."

भाऊ आमच्याबरोबर अमरावतीला आला. मुलीनं फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि आम्ही दोघांनी नवा डबा जुन्याशेजारी मांडला. कूलर त्या दोन्ही डब्यांकडे वळवला आणि आम्ही घामाघूम होऊन बसलो. जुन्यातलं नव्यात उतरायला लागलं. पडद्यावर फाइलींची नावं सरकत होती. सासूबाईंच्या आरत्या मध्येच अडकल्या. उरलेली डिस्कही काही ठिकाणी खराब झालेली होती. जेवढं वाचता आलं तेवढं आलं, बाकीच्या आरत्या गेल्या.

आणि एक फोल्डर उघडलंच नाही. त्यावर मिस्टरांचं नाव होतं आणि कुलपाचं चिन्ह. डबा बंद होऊन पुन्हा सुरू झाला की ते आपोआप कुलूपबंद व्हायचं. आजवर लाइट गेली आली की ते स्वतःच पासवर्ड घालून उघडत असणार. असं काही फोल्डर आहे हेच मला माहीत नव्हतं.

त्यांना संगणकासमोर बसवलं. बोटं सवयीनं चालली. पासवर्ड चुकीचा आला. पुन्हा चालली, पुन्हा चुकीचा. मग बोटं हवेतच थांबली.

"काय लिहू?"

"तुमचा पासवर्ड."

"कशाचा?"

"आठवून बघा ना जरा. काही जवळचं असेल. कोणाचं नाव असेल."

त्यांनी कीबोर्ड ढकलून दिला. तो फरशीवर आपटला, दोन बटणं निघून सोफ्याखाली गेली. "कावून छळून राहिली मले?" ते ओरडले. लग्नानंतर माझ्याशी ते कधी वऱ्हाडीत बोलले नव्हते. ती बोली आईशी, गावच्या माणसांशी. मी त्यांना अनोळखी कोणीतरी वाटले असेन, नाहीतर फार जवळची. ते रडत होते. भावानं त्यांचा हात धरला. "जाऊ द्या भाऊजी. चाय घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून स्वयंपाकघरात आले.

"त्या फोल्डरचं काय केलंस?"

मी दूध उतू जाऊ दिलं. "काही नाही. कुलपासकट उचलून नव्यात ठेवता येतं म्हणे. पुढे आठवलं तर उघडू."

"नको. ते नेऊ नकोस."

"काय आहे त्यात?"

ते ओट्याला टेकून उभे राहिले. "माझं आहे."

"चांगलं की वाईट?"

"माझं आहे," ते पुन्हा म्हणाले. मग चहात साखर घातलीस का, असं विचारलं. तेच त्यांनी थोड्या वेळानं परत विचारलं, आणि मी समजले की ती सकाळ संपली.

मुलगी चिडली. "बाबांना आता कळत नाही, आई. तू कॉपी करून ठेव. उद्या कोणीतरी उघडून देईल."

"सकाळी त्यांना कळत होतं."

"हे तू कशावरून ठरवलंस?"

मलाही बघायचं होतंच. कविता असतील, कोणा बाईची पत्रं असतील, माझ्याबद्दलची गाऱ्हाणी असतील. आजाराची चाहूल त्यांना आधीच लागली असेल आणि तेच लिहून ठेवलं असेल. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मी त्या फोल्डरमध्ये काहीबाही भरत राहायचे. एकदा तर नव्या डब्यावर ते उचलून ठेवायला बसलेही, आणि तसंच सोडून उठले.

जूनमध्ये त्यांना असं काही फोल्डर होतं हेसुद्धा आठवत नव्हतं. भाऊ पुन्हा आला होता. जुन्या डब्यातल्या डिस्क त्यानं काढल्या. तशाच भंगारात द्यायच्या नाहीत, त्यातून काहीही काढता येतं, असं मुलीनंच कधीतरी सांगितलं होतं. भाऊ हातोडी घेऊन अंगणात गेला. मी ती त्याच्या हातून घेतली.

पहिल्या घावानं नुसता पोचा आला. मिस्टर पायरीवर येऊन बसले.

"काय फोडून राहिली?"

"जुनं यंत्र."

"कोनाचं?"

"तुमचं."

त्यांनी मान डोलावली, जणू त्यांची परवानगी मागितली होती. डिस्क फुटली तेव्हा आतून आरशासारख्या चकत्या निघाल्या. त्यांनी एक चकती उचलून उन्हात धरली, तिचा कवडसा भिंतीवर पाडला आणि तो हलवत बसले. भाऊ घरात निघून गेला. मी दुसरी डिस्क फोडली.

मुलीला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पासवर्ड माहीत असता, तर तू बघितलं नसतंस?"

"बघितलं असतं," मी म्हटलं.

तिनं फोन ठेवून दिला.