चहातले चार थेंब

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला मी जळगावला अक्काकडे गेले. आठवडाभर राहायचं आणि धुळ्याला परतायचं, एवढंच मनात होतं. धुळ्यात मी एकटीच राहते. मुलींच्या वसतिगृहात वॉर्डन म्हणून नोकरी केली, लग्न केलं नाही, त्यामुळे दुखलं-खुपलं की थोरल्या बहिणीचं घर हेच माझं माहेर. अक्काचं घर पिंप्राळ्यात. भाऊजींचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, आता ते भाचाच बघतो. त्याचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. सून शिंदखेड्याजवळच्या एका गावातली, शेतकऱ्याच्या घरातली, बी.एस्सी. झालेली. आणि लग्नानंतर महिन्याभरात घरात एक कुत्रा आला होता. पांढरा, केसाळ, भाच्याने कुणाकडून तरी हौसेने आणलेला. त्याला सगळे बच्चा म्हणत.

बच्चा भित्रा होता. भाजीवाल्याच्या गाडीवरचा भोंगा वाजला की तो दिवाणाखाली जायचा. कुकरची शिट्टी झाली की जागच्या जागी मुतायचा. मला ज्या खोलीत झोपवलं होतं तिथल्या दिवाणाखाली त्याचं बस्तान होतं, त्यामुळे फिनाईल आणि मूत यांचा मिळून जो वास येतो तो मला दिवसभर घ्यावा लागे. पण त्याचा मला राग नव्हता. मुक्या जिवाला भीती वाटली तर तो दुसरं काय करणार? भाच्याला मात्र लाज वाटायची. फाटकाशी उभा राहून भुंकेल, येणारा-जाणारा चार पावलं मागे सरेल, असा कुत्रा त्याला हवा होता. मित्र आले की ते दिवाणाखाली वाकून बघायचे आणि हसायचे.

त्यांच्याच कॉलनीत एक बाई होती. ऑनलाइन कोर्स करून ती फुलांच्या अर्काचे थेंब द्यायला लागली होती, माणसांना आणि पाळीव प्राण्यांनाही. मी पोचले त्याच्या थोडं आधी ती येऊन बच्चाला बघून गेली होती. बघून गेली म्हणजे, मोबाईलचा टॉर्च लावून दिवाणाखाली बघितलं, तो भिंतीला चिकटलेला दिसला, आणि सोफ्यावर बसून सांगितलं, की हा जात्याच लाजाळू जीव आहे, याचा कॉन्फिडन्स वाढवायला हवा. मग तिने दोन छोट्या तपकिरी बाटल्या दिल्या. एका फुलाने भीती जाते, दुसऱ्याने आत्मविश्वास येतो. दोन्हीचे मिळून चार थेंब, रोज सकाळ-संध्याकाळ. फुलांनी भीती जाते की नाही याचा वाद मी घालत बसणार नाही. पाण्याच्या वाटीत घालून द्या, असंही त्या बाईने म्हणे सांगितलं होतं. पण अक्काचा स्वभाव मला ठाऊक आहे. औषध पोटात गेलेलं तिला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

तेव्हा रोज सकाळी हा कार्यक्रम. भाचा बच्चाला मागच्या पायाला धरून बाहेर ओढायचा. त्याची मान गुडघ्यांत दाबायची, जबड्यात अंगठा घालून तोंड फाकवायचं. अक्का ड्रॉपर आत घालायची. काचेचा आणि दातांचा कटकट आवाज व्हायचा. थेंब आत जायचे की बाहेर, देव जाणे, पण फेसाळ लाळ मात्र अक्काच्या मनगटापर्यंत यायची. ती पदराला हात पुसायची, ड्रॉपर तसाच बाटलीत खुपसायची, आणि बाटली फ्रिजच्या दारात कोथिंबिरीच्या चटणीशेजारी ठेवून कणीक मळायला बसायची. बाटलीच्या तोंडाशी ओघळ आला असेल तर तो बोटाने टिपून ते बोट चाटायची. "वाया कशाला घालवायचं," म्हणायची. ते बघितल्यावर माझ्या घशाखाली पोळी उतरत नसे. डोळ्याला पट्टी आहे, चव गेली आहे, असं सांगून मी भात-वरणावर दिवस काढले.

थोड्या दिवसांत बच्चाला फ्रिजच्या दाराचा आवाज कळायला लागला. दार उघडलं की तो दिवाणाखाली आणखी आत सरकायचा. एकदा अक्काने हात घातला तेव्हा तो गुरगुरला. अक्का आनंदाने ओरडली, "बघ! हिंमत आली त्याला! थेंब लागू पडले!"

मी म्हटलं, "अक्का, त्याला आता तुझी भीती वाटतेय."

"तुला नाही कळायचं त्यातलं," ती म्हणाली.

सून या सगळ्यात कुठेच नसायची. म्हणजे घरात असायची, पण तिचा आवाज ऐकू यायचा नाही. माझ्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते आणि ते काम तिने आपणहून घेतलं होतं. हात धुऊन यायची, माझ्या डोक्याखाली उशी सारखी करायची आणि हळूच विचारायची, "मावशी, टाकू का?" मी हो म्हटल्याशिवाय तिने एकदाही थेंब टाकला नाही. वसतिगृहात मी खेड्यांतून आलेल्या कितीतरी मुली पाहिल्या. पहिलं वर्ष गप्प असतात, मग गॅलरी डोक्यावर घेतात. ही तशीच असणार असं मला वाटायचं. पण हिचं गप्प राहणं वेगळं होतं. तोंड उघडायची, आणि परत मिटायची.

एकदा दुपारी घरात आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी विचारलं. तिने आधी सांगितलं नाही. मग मी मुद्दाम तिच्या गावच्या बोलीत, माझ्या मोडक्यातोडक्या अहिराणीत काहीतरी बोलले, आणि ते इतकं वाईट होतं की ती खुदकन हसली. मग बोलली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातून तिने सासूला सांगितलं होतं, "बठ्ठं आवरी गयं," म्हणजे सगळं आवरून झालं. घरात पाहुणे होते. सगळे हसले. त्या दिवसापासून 'बठ्ठं' हा त्या घरातला विनोद झाला. नवरा फोनवर मित्रांना तिची नक्कल करून दाखवायचा. भाऊजी जेवताना म्हणायचे, "काय सूनबाई, बठ्ठं वाढलं का?" अक्का सांगायची, "जरा शुद्ध बोलत जा, लोक काय म्हणतील."

"बोलस ते बठ्ठा हसतस," ती मला म्हणाली. "म्हणून मग बोलणंच बंद केलं." दुसरं वाक्य तिने अगदी शुद्ध, एकेक शब्द निवडून म्हटलं. मला ते ऐकवेना.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळी, मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. सून आंघोळीला गेली होती. अक्काची माझ्याकडे पाठ होती. ओट्यावर चहाचे कप ओळीने मांडलेले. त्यातल्या एका कपात अक्का ड्रॉपरने थेंब सोडत होती. तोच ड्रॉपर. कुत्र्याच्या दातांवर वाजणारा.

"अक्का, तो कप कुणाचा?"

ती दचकली नाही. उलट आवाज खाली आणून मला जवळ बोलावलं. "अगं, त्या बाईनेच सांगितलं, माणसांवरही हेच चालतं. सूनबाई फारच घुमी आहे. चारचौघांत तोंड उघडत नाही, आपल्यालाच कानकोंडं होतं. म्हटलं, बघू. कुत्र्याला फरक पडला, तर हिला का नाही पडणार?"

"तिला विचारलंस?"

"विचारलं तर घेईल का ती? आणि फुलाचं पाणी तर आहे. विष थोडंच घालतेय."

मी बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. समोर माझी सख्खी बहीण, कपाळावर कुंकू, गळ्यात तुळशीची माळ, आणि ती कपात चमचा फिरवत होती. लहानपणी हिच्याच ताटात मी जेवले होते. त्या क्षणी तिच्या हाताकडे बघवेना. मी तो कप उचलला आणि तिच्यासमोर ओतून दिला. अक्का चिडली. "माझ्या घरात येऊन मला शिकवू नकोस," म्हणाली. मी म्हटलं, "आज तिला मी सांगणार आहे."

सून माझ्या डोळ्यात थेंब घालायला आली तेव्हा मी तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती बाटलीचं झाकण लावत राहिली.

"मावशी, माले माहीत शे," ती म्हणाली. "चहाले वास येस. मी पितच नाही, मोरीमा वती देस."

"तुझ्या नवऱ्याला माहीत आहे?"

"बठ्ठासले माहीत शे." तिने बाटली बाजूला ठेवली. "माले कोणी इचारं का?"

वास कसला, असं मी विचारलं तर तिने फक्त नाक मुरडलं. दुपारी मी फ्रिजमधून बाटली काढून हुंगली. चार वर्षं वसतिगृहाचा रखवालदार दारू पिऊन येत होता, तो वास मी विसरणार नाही.

रविवारी ती बाई आली. भाऊजी, भाचा, अक्का, सगळे हॉलमध्ये बसले. सून पाणी घेऊन आली तशी बाईने तिच्याकडे हसून पाहिलं आणि अक्काला म्हणाली, "काय, दोघांची प्रगती कशी आहे?" दोघांची. भाचा गालात हसला. त्याच्या हसण्याची मला जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. याला मी कडेवर घेऊन फिरवलं आहे.

मी विचारलं, "ताई, या बाटलीत फुलांखेरीज काय असतं?"

"काही नाही हो मावशी, एकदम नॅचरल. टिकावं म्हणून थोडी ब्रँडी असते, बस."

मग अक्का उठली. तोंडाला पदर लावून मोरीकडे धावली, आणि तिच्या ओकाऱ्यांचा आवाज यायला लागला. बोट चाटल्याचं तिला आठवलं असणार. भाऊजी तांबडेलाल झाले. "माझ्या घरात दारू! देवघरापासून चार हातांवर दारू!" ती बाई समजावत होती की थेंबभरच असते, औषधातही असते. तिला अक्षरशः हाकलली. बाटल्या फाटकाबाहेर फेकल्या. मग घर शुद्ध करणं सुरू झालं. चटणी टाकली, दूध टाकलं, विरजण टाकलं. भाऊजींनी गोमूत्र शिंपडलं, देवांना पुन्हा स्नान घातलं. अक्का डोक्यावरून न्हाली आणि ओल्या केसांनी रडत बसली की, इतक्या वर्षांचं माझं माळेचं व्रत मोडलं. सगळे तिची समजूत घालत होते.

आणि मी वाट बघत होते. कुणीतरी एकजण वळून त्या मुलीकडे बघेल, निदान 'चुकलं' एवढं म्हणेल. कुणाच्या ते डोक्यातही आलं नाही. ती दाराशी उभी होती. अक्काने डोळे पुसले आणि तिला म्हणाली, "सूनबाई, फ्रिज सगळा रिकामा कर आणि सोड्याच्या पाण्याने पुसून काढ."

सुनेने फडकं घेतलं. फ्रिजपर्यंत गेली. मग परत आली आणि ते फडकं नवऱ्याच्या समोर टीपॉयवर ठेवलं.

"दारू फ्रिजमा नही, मना चहामा व्हती," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण ऐकू येत होता. "कुत्राले देतस, माले देतस. आते तुमीच पुसा."

कुणी हसलं नाही. भाचा "अगं, पण" म्हणाला आणि भाऊजींकडे बघायला लागला. मी उठून तिच्याशेजारी उभी राहिले. भाऊजींना म्हटलं, तुम्हाला बाटलीची घाण वाटते, मला तुमची वाटते. भाऊजींशी आयुष्यात मी असं बोलले नव्हते. त्यांनी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. निघताना तिने दिवाणाखाली वाकून बच्चाला हाक मारली. तो आला नाही. ती तिथेच फरशीवर पाय पसरून बसून राहिली, भाऊ रिक्षा थांबवून बाहेर उभा. बऱ्याच वेळाने बच्चा स्वतःच बाहेर आला, मुतला, आणि तिच्या ओढणीत शिरला. तिने त्याला सोबत नेलं. कुणी अडवलं नाही, तो कुणालाच नको होता. मीही तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी धुळ्याची गाडी धरली. टाके नव्हते म्हणून निभावलं.

पुढे भाचा तीन-चारदा तिच्या गावी गेला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तिने पिंप्राळ्याला जायला नकार दिला एवढं कळलं. आता ती दोघं जळगावातच दुसऱ्या भागात भाड्याने राहतात. ती एका डाळमिलच्या प्रयोगशाळेत काम करते. मला फोन करते तेव्हा अहिराणीत बोलते आणि मागे नवऱ्याचा आवाज असतो, पण नक्कल नसते. बच्चा अजून कुकरच्या शिट्टीला मुततो. ती म्हणाली, शिट्टी व्हायच्या आधीच गॅस बारीक करते.

गेल्या हिवाळ्यात धुळ्यात एका नात्यातल्या लग्नात अक्का भेटली. जेवायला शेजारी बसली. पलीकडच्या बायका सुनेबद्दल विचारत होत्या, फार धीट झाली म्हणे, नोकरी करते म्हणे.

"मग काय," अक्का म्हणाली, "आली तेव्हा तोंड उघडत नव्हती. मी थेंब चालू केले म्हणून झाली धीट. आता बिनदारूचे पण मिळतात. तुमच्या मुलीला हवे असतील तर सांगा, फार लाजाळू आहे ना ती?"

पलीकडची एक बाई मान डोलवत होती. तिची मुलगी समोरच्या ओळीत खाली बघून जेवत होती. मी पान तसंच सोडून उठले आणि त्या मुलीपाशी जाऊन बसले.