शिराझच्या चार ग्लासांसमोर

तापातून उठले तेव्हा मला कशाचाच वास येत नव्हता. ते पहिल्यांदा कळलं एका सकाळी. मी ओट्याशी उभी होते, शेजारी दूध करपत होतं, आणि बाहेरच्या खोलीतून नवरा धावत आला. त्याने गॅस बंद केला आणि भांडं खाली उतरवलं.

माझं काम वाइन चाखण्याचं आणि लोकांना ती चाखायला शिकवण्याचं. डॉक्टर म्हणाले, वास बहुतेकांचा परत येतो. ‘बहुतेकांचा’ हा शब्द मला झोपू देईना. धायरीतल्या आमच्या घरात मी दिवसभर हिंगाची डबी, लवंगा, साबणाची वडी, काहीही नाकाशी धरून बसायची. सगळं पाण्यासारखं.

त्यातच हडपसरच्या एका हॉटेलात रविवार दुपारची बैठक आधीच ठरलेली होती. शिराझ हे एकच द्राक्ष, पण वाइन चार देशांच्या: ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, दक्षिण आफ्रिका आणि आपलं नाशिक. बाटल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या, पाहुण्यांनी देश ओळखायचा आणि शेवटी मी माझा अंदाज सांगायचा. कुठली बाटली कुठली, हे फक्त हॉटेलवाल्यांना ठाऊक. ही पद्धत मीच घालून दिलेली. नवरा म्हणाला, बरं नाही म्हणून कळवून टाक. मला ते जमेना. एकदा नाही म्हटलं की मग कधीच हो म्हणता येणार नाही, अशी भीती बसली होती.

रविवारी पाहुण्यांसमोर पहिला ग्लास फिरवला, नाक आत घातलं. काहीच नाही. दुसरा, तिसरा, चौथा. सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. सवयीने मी मिरी, धूर, पिकलेली फळं असं बोलत राहिले, आणि आपण पाठ केलेलं म्हणून दाखवतोय हे मला ऐकू येत होतं.

समोर एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. मुलीने आग्रह केला म्हणून आलेल्या, आयुष्यात पहिल्यांदाच वाइन चाखत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, “अहो, मला यातल्या कशाचाच वास येत नाहीये. मिरी नाही, धूर नाही. नुसतं तोंड आवळतंय, जांभळं खाल्ल्यासारखं.”

शेजारी बसलेली त्यांची मुलगी ओशाळली. मी मात्र ग्लास खाली ठेवला.

“मलाही येत नाहीये,” मी म्हणाले. “तापानंतर माझा वास गेलाय. आज आपण जिभेवरच जाऊ.”

कुणी उठून गेलं नाही. मग आम्ही एकेक घोट तोंडात धरून बसलो. आंबट किती, घशाशी ऊब किती, हिरड्या किती कोरड्या पडतात. एक वाइन जिभेच्या कडांना चावत होती, अंगाने हलकी. मी फ्रान्स म्हटलं. एक जाड, गोडसर, गिळल्यावर छातीपर्यंत गरम, ते ऑस्ट्रेलिया. उरलेल्या दोन वाइनमध्ये मी बराच वेळ अडकले. दोन्ही ना हलक्या, ना जाड. शेवटी जास्त तुरट ती नाशिकची, असं सांगून टाकलं.

कागद काढले. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया बरोबर. उरलेल्या दोन उलट्या. नाशिकची वाइन मी आफ्रिकेला पाठवली होती.

“म्हणजे पन्नास टक्के,” शिक्षिका म्हणाल्या. “पास आहात. वर्गात पहिल्या नाही आलात, एवढंच.”

लोक हसले, मीही हसले. पण परतीच्या वाटेवर स्कूटरवर नवऱ्याच्या मागे बसले आणि हसू विरून गेलं. जिभेवर अर्धंच काम होतं, उरलेलं अर्धं नाकाचं. ते परत आलंच नाही तर?

पुढे बरेच आठवडे तसेच गेले. एका दुपारी नवरा कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात आले आणि थांबले. हिरवा, ओला, अगदी पुसट वास. मी तिथेच श्वास रोखून उभी राहिले. त्याला लगेच सांगितलं नाही. बोलले तर जाईल, असं वाटलं.