सातव्या प्रश्नाला नाही

प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हण, असं मी प्रोग्रामला शिकवलं. चूक एवढीच.

एका कॉम्प्युटर सिस्टिमसाठी बनलेले प्रोग्राम दुसऱ्या, फुकट सिस्टिमवर चालावेत म्हणून सदर भागातल्या एका खोलीत दर रविवारी आम्ही काही हौशी लोक फुकटच राबतो. त्यात काकू होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर, साठीनंतर कोडिंग शिकलेल्या. कानावर हेडफोन, आत गाणं नाही, नुसती सवय. कुणी घाई केली की हात वर.

“थांब गा. समोरचा काय विचारून राहिला, ते आधी ऐक.”

एकदा कामठीचे हार्मोनियम मास्तर पेनड्राइव्ह घेऊन आले. आत त्यांचेच धडे, पण कुलूपबंद. विकणारी कंपनी बुडालेली, मास्तरांची बोटं आता थरथरणारी, आणि शिकणाऱ्या पोरी खोळंबलेल्या. ते कुलूप आधी सिस्टिमला प्रश्न विचारतं, तेही नुसत्या आकड्यांत, आणि सिस्टिमच्या वतीने उत्तरं द्यायची आमच्या कोडने. अर्थ कुठेच लिहिलेला नाही. पाचदा चुकलं की कायमचं बंद.

“दहा मिनिटं!” मी म्हणालो, आणि चार खेपा घालवल्या. दर वेळी वाटायचं, आपण पुरेशा जोरात हो म्हटलं नाही.

“काकू, मूळ प्रोग्राम फोडून आत पाहू?”

“काहून? दारावर काय विचारते तेवढंच ऐकायचं. लोकाच्या घरात डोकवायचं नाही.”

त्यांनी चारही खेपांचे प्रश्न कॅलेंडरच्या मागे उतरवले आणि मला कुलूप व्हायला लावलं. मी गंभीरपणे आकडे म्हणत होतो, त्या उत्तरं देत होत्या. सातव्याला त्या फस्सकन हसल्या.

“सहा ‘हो’ ऐकून घेते, सातव्याले फोन ठेवून देते. काय विचारत असंन? ‘कोणी चोरून रेकॉर्ड करून राहिलं का?’ अन् तू चारदा सांगतलं, हो, करून राहिलो! कोणी करून राहिलं का खरंच? नाही ना? मंग खरं सांग त्याले.”

पाचवी खेप. मास्तरांनी डोळे मिटले. मी टेबलाखालीच जायच्या बेतात होतो.

आणि पेटी वाजली! आम्ही नाचलो, दोन खुर्च्या पाडल्या. मास्तर मात्र मन लावून स्वतःचा धडा ऐकत होते. “बरा शिकवते हा मास्तर,” ते म्हणाले.

काकू आता लेकीकडे पुण्याला असतात. त्यांचे हेडफोन खुंटीलाच आहेत, आम्ही कुणी घालत नाही. पण त्या कोडमध्ये माझ्या ओळीच्या डोक्यावर त्यांची मराठी टीप अजून आहे. तो कोड वाचणारे परदेशातले लोक अर्थ विचारतात. कौतुक आहे, असं मी सांगतो.

“हा माणूस न ऐकताच हो म्हणते. याचं काम दोनदा तपासा.”